दिवे अर्धे, दुकान चालू

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी आजीला घेऊन एका शाळेच्या हॉलमध्ये गेले. तिच्या सहकारी भांडाराची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. दरवर्षी ती एकटी जाते, पण यंदा गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून मला बॉडीगार्ड करून नेलं. नोटिशीवर वेळ दहाची होती. आजी मात्र सव्वादहापर्यंत निवांत चहा पीत बसली. "दहाला कोणी येत नाही गं. नोटीस वाच खालपर्यंत." खाली लिहिलं होतं, गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे पुरेशी माणसं येणार नाहीत, हे नोटीस छापतानाच सगळ्यांना माहीत असतं.

साडेदहाला मी डोकी मोजली. चौतीस. त्यात मी, सभासद नसलेली. अहवालात सभासदांचा आकडा काही हजारांत होता.

पहिले पाच विषय 'मंजूर, मंजूर' करत दहा मिनिटांत संपले. सहावा विषय होता 'भांडाराच्या तळमजल्यावरील दर्शनी जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देण्याबाबत विचार करणे.' अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "काय आहे, आता सगळं ऑनलाइन झालंय. तरुण पिढी दुकानात येत नाही." त्याबरोबर आख्ख्या हॉलने वळून माझ्याकडे पाहिलं. साठीच्या आतली मी एकटीच होते, आणि नेमका हातात फोन होता.

मला वाचवलं आजीने. ती बसूनच मोठ्याने म्हणाली, "ऑनलाइनचं राहू द्या हो. तीन महिने झाले, कोलम तांदूळ का नाही ते सांगा." व्यवस्थापक जरा चाचरले. पुरवठादाराचं बिल थकलंय, म्हणाले.

ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात एकमेकांना धडकत राहिली. ऑनलाइनमुळे गिऱ्हाईक येत नाही, हे एक. बिल थकलंय म्हणून तांदूळ नाही, हे दुसरं. यातलं आधी काय झालं?

दोन दिवसांनी मी भांडारात गेले. लहानपणी शाळेच्या वह्या, कंपास, रेनकोट सगळं तिथूनच यायचं, पण मी स्वतःहून आत गेल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. तीन मजली दुकान. तळमजल्यावर किराणा, पहिल्यावर कापड आणि स्टेशनरी, दुसऱ्यावर भांडी. आता जिन्याला साखळी लावलेली, तिला अडकवलेला कागद: 'वरचा मजला बंद आहे.' खाली एक सोडून एक ट्यूब बंद. बिघडलेल्या नव्हत्या, बिल वाचवायला बंद ठेवलेल्या होत्या. समोरच्या रॅकवर फिनाइलच्या बाटल्यांची लांबच लांब रांग, आणि रांगेच्या मागे काहीच नाही. काउंटरवरच्या काकांनी न विचारता सांगितलं, "एकेक करून पुढे लावायची, मग रॅक भरलेला दिसतो." ते सत्तावीस वर्षं इथे आहेत. शेवटची भरती कधी झाली, असं विचारलं. "माझीच," ते म्हणाले. पैसे द्यायला क्यूआर कोड स्कॅन केला, तर त्यांच्या स्पीकरचं नेट गेलेलं. मग मी माझी स्क्रीन दाखवली, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

अशा दुकानात 'तरुण पिढी' का येत नाही, यावर कमिटी नेमायची गरज नाही.

'ऑनलाइनने मारलं' हे वाक्य मी आधी कुठेतरी वाचलंय, असं वाटत होतं. घरी येऊन शोधलं तेव्हा लक्षात आलं, की ते जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध डिपार्टमेंट स्टोअरबद्दलही असंच बोललं गेलं होतं. अमेरिकेतलं सिअर्स. आपल्याला हे नाव फार तर शिकागोच्या त्या टॉवरमुळे माहीत असतं, जो १९७३ मध्ये उभा राहिला तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत होता. पण त्याच्या आधीची जवळपास ८० वर्षं ही कंपनी जाडजूड कॅटलॉग छापून पोस्टाने वस्तू विकायची. घड्याळं, शिलाई मशीन, कपडे, औजारं. १९०८ ते १९४० या काळात चक्क घरं विकली, ७० हजारांच्या वर. लाकूड, खिळे, दारं-खिडक्या आणि नकाशा रेल्वेने यायचा, आपण जोडायचं. दुकानात न जाता घरबसल्या मागवणं हा प्रकार सिअर्सला नवा नव्हता, त्यांचा जन्मच त्यात झाला. आणि तो मोठा कॅटलॉग त्यांनी बंद केला कधी, तर १९९३ मध्ये. अ‍ॅमेझॉन स्थापन झाली १९९४ मध्ये. टायमिंग बघा!

पुढची गोष्ट आमच्या वर्गात 'केस स्टडी' म्हणून शिकवली गेली असती तर मी ते लेक्चर बंक केलं नसतं. एडी लँपर्ट नावाच्या हेज फंड चालवणाऱ्या माणसाने आधी दिवाळखोरीतून बाहेर येणारं केमार्ट हातात घेतलं आणि २००५ मध्ये त्यात सिअर्स विलीन केलं. दोन्ही मिळून साधारण साडेतीन हजार दुकानं. त्यानंतरच्या काही वर्षांत कंपनीने जवळपास सहा अब्ज डॉलर स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर खर्च केले. असं केलं की बाजारातले शेअर कमी होतात आणि उरलेल्यांचा भाव वाढायला मदत होते, दुकानात मात्र एक नवा बल्बही लागत नाही. दुकानांच्या देखभालीवर स्पर्धकांच्या तुलनेत अगदी थोडा खर्च व्हायचा. २००८ पासून कंपनीचे तीसेक तुकडे करून प्रत्येकाला वेगळा प्रमुख, वेगळा हिशेब देण्यात आला, आणि एकाच छताखालची खाती जाहिरातीच्या पानावरच्या जागेसाठी एकमेकांशी भांडू लागली. भावाभावांच्या वाटण्या झाल्यावर अंगणातला नळ कोणी दुरुस्त करायचा, तसा प्रकार.

मग जागा. २०१५ मध्ये सिअर्सने आपल्या दोनशेहून जास्त जागा सेरिटेज नावाच्या नव्या कंपनीला सुमारे २.७ अब्ज डॉलरला विकल्या आणि त्याच जागांत भाड्याने राहू लागली. सेरिटेजचे चेअरमन कोण? लँपर्टच. घरमालकही तोच, भाडेकरूही तोच. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हा औजारांचा नावाजलेला ब्रँड विकला. छपरं गळत होती, दुकानांचे रिकामे भाग पडदे लावून झाकले जात होते. कंपनी डळमळतेय म्हटल्यावर पुरवठादार बिथरले, उधारी बंद करून आधी पैसे मागू लागले. मग रॅक आणखी रिकामे. १५ ऑक्टोबर २०१८ ला सिअर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा साडेतीन हजारांतली ७०० च्या आसपास दुकानं उरली होती.

त्या वर्षी अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा किती होता? साधारण दहा टक्के. या हिशेबात गाड्या आणि किराणाही येतो, त्यामुळे कपडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा वेगळा आकडा काढला तर तो बराच मोठा निघेल, हे मान्य. पण वॉलमार्टने सिअर्सला मागे टाकलं ते १९९० च्या सुमारास, आणि तेही विटा-सिमेंटच्या दुकानांच्या जोरावर. ऑनलाइनचा फटका खरा आहे. फक्त तो बसला तेव्हा पेशंट आधीच सलाइनवर होता, आणि सलाइनची नळी कोणीतरी बारीक करत आणली होती.

लँपर्टची बाजूही आहे. ग्राहकाच्या सवयी बदलल्या, आणि कंपनी जगवायला आपण स्वतःच्या फंडातून कर्जं दिली, असं ते सांगत आले. कर्जं दिली हे खरं, पण बरीचशी कंपनीची मालमत्ता तारण ठेवून. पुढे याबाबतचे खटले २०२२ मध्ये १७.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटले, आरोप मान्य न करता. दरम्यान निवृत्तिवेतनाच्या दोन योजना, ज्यांवर सुमारे ९० हजार लोकांचं पेन्शन अवलंबून होतं, त्या सरकारी विमा संस्थेला ताब्यात घ्याव्या लागल्या. दिवाळखोरीचं कामकाज चालू असतानाच वरच्या अधिकाऱ्यांच्या सुमारे अडीच कोटी डॉलरच्या बोनसला कोर्टाने मंजुरी दिली. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत गेले. तुम्हीही जाऊ शकता.

सिअर्स एकटं नाही. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची लॉर्ड अँड टेलरची १९१४ ची इमारत २०१९ मध्ये ८५ कोटी डॉलरला वीवर्कला विकली गेली, आणि पुढच्याच वर्षी ती ऑफिससाठी घेतली अ‍ॅमेझॉनने. कॅनडातली हडसन्स बे कंपनी तर १६७० मधली, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या चार वर्षं आधीची. तिची सूत्रं २००८ पासून रिअल इस्टेटवाल्यांच्या हातात होती. २०२४ च्या उन्हाळ्यात एसी बिघडल्याने तिची काही दुकानं बंद ठेवावी लागली. १ जून २०२५ ला सगळीच बंद झाली.

यात एक नमुना दिसतो. जुन्या डिपार्टमेंट स्टोअरची जागा मोक्याची असते, कारण शहर त्याच्याभोवती वाढलेलं असतं. एका टप्प्यावर दुकानाच्या नफ्यापेक्षा जागेचं भाडं मोठं दिसू लागतं. मग मालकाला दुकानावर खर्च करणं म्हणजे पैसे वाया घालवणं वाटतं. आणि दुकान हळूहळू वाईट होत गेलं की गिऱ्हाईक जातं, आणि गिऱ्हाईक गेलं की 'बघा, दुकान चालत नाही' म्हणायला पुरावा तयार.

उलटा प्रयोगही झालाय. मेसीज या अमेरिकन साखळीने २०२४ च्या फेब्रुवारीत १५० दुकानं टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. पण त्याच वेळी पन्नास दुकानं निवडून तिथे माणसं वाढवली, मांडणी सुधारली, बुटांच्या विभागात वगैरे मदतीला कोणीतरी हजर असेल एवढं बघितलं. त्या वर्षी कंपनीची विक्री एकूणात घसरत असताना या पन्नासांची वाढली. रोबोट नाही, एआय नाही. माणूस उभा केला!

आता तुम्ही म्हणाल, बिग बझारचं काय? आपल्या पिढीने २६ जानेवारीच्या सेलमध्ये आईबाबांसोबत ट्रॉली ढकललीय. ते म्हातारंही नव्हतं, २००१ चं. तिथला प्रॉब्लेम वेगळा होता. कर्ज डोक्यावर, जागा बहुतेक भाड्याच्या, कोविड आला आणि भाडं थकलं. रिलायन्सने त्यातल्या अनेक जागांचे भाडेकरार स्वतःकडे घेतले होते, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत दोनशेच्या आसपास दुकानांचा ताबा घेतला. तिथे दुर्लक्ष झालं असं मी म्हणणार नाही, हाव झाली. पण भाडं भरायचं कोणाला, हा प्रश्न तिथेही शेवटी निर्णायक ठरलाच.

आणि इथून परत आपल्याकडे यायला एक छान रस्ता आहे. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ मध्ये एक सहकारी ग्राहक संस्था सुरू झाली, तिचा पुढे 'अपना बाजार' झाला. १९९० च्या दशकाच्या शेवटी नेरूळमध्ये अपना बाजारची एक फ्रँचायझी चालवायला घेतली होती राधाकिशन दमाणी यांनी. ते मॉडेल त्यांना पटलं नाही. २००२ मध्ये त्यांनी पवईला स्वतःचं दुकान काढलं, डीमार्ट. मार्च २०२५ मध्ये डीमार्टची ४१५ दुकानं होती. त्यांच्या दोन सवयी सगळ्यांना माहीत आहेत. एक, जागा शक्यतो विकतच घ्यायची. दोन, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. म्हणजे आजीच्या भांडारात तांदूळ ज्या कारणासाठी नाही, त्याच्या नेमकं उलट. जागा सिअर्सकडेही स्वतःची होती, डीमार्टकडेही आहे. एकाने जागा विकून दुकान चालवल्यासारखं केलं, दुसरा दुकान चालावं म्हणून जागा घेतो. आणि रविवारी संध्याकाळी डीमार्टची बिलिंगची रांग बघितलेल्या कोणीही 'लोक आता दुकानात जात नाहीत' हे वाक्य मला ऐकवू नये.

सहकारी भांडारांत मात्र कोणी लँपर्ट नाही, आणि गोष्ट तिथेच अवघड होते. १९६२ च्या युद्धानंतर महागाई आणि टंचाई वाढली, तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक सहकारी संस्थांना बळ देणारी योजना आणली. रुपयाचं अवमूल्यन झालं त्या १९६६ मध्ये दिल्लीला सुपर बाजार उघडला, १९६८ मध्ये मुंबईत सहकारी भांडार. गावाकडे वारणा बझार, पुण्यात ग्राहक पेठ. वजन पूर्ण, भाव ठरलेला, भेसळ नाही, एवढ्या तीन गोष्टींसाठी लोकांनी पाच-दहा रुपयांचे शेअर घेतले. आजी सांगते, वाण्याकडे तेलासाठी हात जोडावे लागायचे, इथे रांग लावली की मिळायचं. ती रांग तिला अजून आवडते. या दुकानांचे मालक हे सभासदच. एका माणसाला एक मत, शेअर कितीही असोत. कागदावर यापेक्षा लोकशाही दुकान सापडणार नाही.

आणि मालक सभेला येत नाहीत.

आजी जुने अहवाल टाकत नाही, कपाटातल्या फळ्यांवर अंथरते. मी साड्या उचलून पाच वर्षांचे अहवाल बाहेर काढले (शिव्या खाल्ल्या). ताळेबंद मला पूर्ण कळला असा दावा नाही, मी मास कॉमवाली आहे. पण 'दुरुस्ती व देखभाल' ही ओळ शोधायला सीए लागत नाही. दरवर्षी ती आधीच्या वर्षापेक्षा लहान होत गेलीय. विक्री घसरली, पण ती नंतर. आधी खर्च कापला गेला. पाचही वर्षं सभेत हा ताळेबंद 'मंजूर, मंजूर' झालेला आहे.

भाड्याने देणं म्हणजे पाप असंही नाही. पुढची अर्धी जागा बँकेला द्यावी, त्या पैशातून पुरवठादारांची बिलं फेडावीत, वरचा मजला उघडावा, दोन तरुण पोरं नोकरीला घ्यावीत, हा शहाणपणाचा प्लॅन होऊ शकतो. पण विषय क्रमांक सहामध्ये भाडं किती हे होतं, त्याचं करायचं काय हे नव्हतं. हा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही. मी विचारू शकत नव्हते, सभासद नव्हते. खरं सांगायचं तर तिथे बसल्या बसल्या मी फोनवरून शाम्पू मागवला, दहा मिनिटांत घरी पोचला. त्यामुळे पोझ घेऊन बोलायचा मला फार अधिकार नाही. पण त्या काकांचं वय चोपन्न आहे आणि त्यांच्यासोबत आणखी आठ जण आहेत. दर्शनी जागा गेल्यावर मागच्या गोदामाच्या जागेत नऊ माणसांचं काम उरेल का, हे अहवालात कुठल्याच ओळीत नाही.

सभेत आजीच्या तांदळावरून बोलणं वाढत गेलं. एक आजोबा वजनकाट्यावर घसरले, मग कोणीतरी दिवाळीच्या उटण्याचं काढलं, आणि शेवटी विषय सहा विशेष सभेवर ढकलला गेला. ती नोव्हेंबरमध्ये आहे. नोटीस फ्रिजवर लावलीय, अर्ध्या तासाच्या वाक्यासकट. आजीने सभासदत्वाचा अर्जही आणून माझ्या टेबलावर ठेवलाय, त्यावर दोन पासपोर्ट फोटो मागितलेत. ते काढायचे राहिलेत.

काल भांडारात फोन करून विचारलं, कोलम आला का. काका म्हणाले, "आलाय. पाच किलोचीच पाकिटं आहेत. आणि लवकर या, यावेळी आधी रोख भरून आणलाय, थोडाच मिळाला."